एकूण हातात किती येणार?

धाराशिव जिल्ह्यात खरिपाला सोयाबीन असते, त्यात तुरीच्या ओळी असतात आणि पाण्याची सोय असेल तिथे ऊस. या तिन्ही पिकांच्या भावावर ज्या दोन परदेशांचा परिणाम होतो, तिथला कारभार पोर्तुगीज भाषेत चालतो. ब्राझील हा जगातला सर्वांत मोठा सोयाबीन उत्पादक आणि सर्वांत मोठा साखर निर्यातदार देश. मोझांबिकमधून भारत दरवर्षी तूर आणतो. २०१६ मध्ये दोन्ही सरकारांत तसा करार झाला आणि २०२१ मध्ये तो आणखी पाच वर्षांसाठी वाढवला गेला. बार्शी-लातूरच्या अडतीत बसलेला व्यापारी या दोन देशांची नावे रोज घेतो. तिथे गेल्यावर सुटे पैसे कसे मागावेत, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते.

जाणारे आता बरेच आहेत. कोणी तुरीच्या व्यवहारासाठी जातो, कोणी इथेनॉलचे प्रकल्प बघायला. कोणाचा मुलगा शिकायला किंवा नोकरीला बाहेर असतो. निवृत्त शिक्षकांची जोडपी सहलीत स्पेनला जोडून पोर्तुगाल पाहून येतात. सहलीच्या पुस्तिकेत स्वेटर किती न्यावेत, जेवणात वरण-भात कधी मिळेल, याची खुलासेवार माहिती असते. भाषेसाठी अर्धे पान असते आणि त्यावर ‘नमस्कार’, ‘धन्यवाद’, ‘शौचालय कुठे आहे’ एवढेच. पैसे बदलण्याच्या खिडकीपाशी काय विचारायचे, त्याबद्दल एक ओळ नसते. परक्या मुलखात माणसाचे खरे नुकसान होते ते त्या खिडकीपाशी, आणि ते झाल्याचे बहुतेकांना कळतही नाही.

परक्या नाण्याची ओळख या जिल्ह्याला नवी नाही. इथले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये तगरचे नाव आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर, जिथून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जाते, असे त्याने नोंदवले. त्याच पुस्तकात भडोचला येणाऱ्या मालाची यादी आहे आणि त्या यादीत सोन्याचांदीची नाणीही आहेत. ती स्थानिक चलनात बदलली की नफा होतो, हेही तो लिहायला विसरला नाही. कापडाइतकेच त्याचे लक्ष नाण्याच्या दराकडे होते. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या व्यापारकाळातल्या वस्तू आजही पाहता येतात.

पण त्याहून जवळची आठवण हाली आणि कलदारची. १९४८ पर्यंत उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव जिल्हा, निजामाच्या राज्यात होता आणि शेजारची बार्शी इंग्रजी अमलाखालच्या सोलापूर जिल्ह्यात. निजामाचा रुपया म्हणजे हाली शिक्का, त्यावर चारमिनार. इंग्रजांचा रुपया म्हणजे कलदार. निजामाच्या नोटेवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कन्नडही छापलेले असे, म्हणजे आकडा वाचायला अडचण नव्हती. अडचण होती ती दराची. सरकारी दर सात हाली बरोबर सहा कलदार. म्हणजे शंभर कलदारला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. हा आकडा जुन्या पिढीतल्या अनेकांना तोंडपाठ असे, कारण त्याच्यावाचून त्यांचा दिवस सरत नसे.

शेतमाल बार्शीच्या बाजारात विकला की पट्टी कलदारमध्ये मिळायची. सारा भरायचा तो तहसिलीत, हालीमध्ये. मध्ये करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाची जकात. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १८९७ मध्ये बार्शीला आली आणि १९११ पर्यंत येडशी-ढोकीवरून लातूरला पोचली. माल आणि माणसे हद्द सहज ओलांडू लागली, तसे चलन बदलणे रोजचेच झाले. सराफाकडे जायचे, बट्टा किती ते विचारायचे, हिशेब मनात घालायचा आणि पटला तरच रुपये पुढे करायचे. ज्याला अक्षर ओळखीचे नव्हते, तोही ‘शंभराला किती देणार?’ एवढे विचारून एकूण आकडा घेत असे. दर किती आणि वटणावळ किती, या वेगवेगळ्या हिशेबात तो अडकत नसे. हातात पडणारी रक्कम दोन सराफांकडे विचारायची आणि जास्त देणाऱ्याकडे जायचे.

१९५० मध्ये भारतीय रुपया या भागात आला, तरी काही काळ दोन्ही चालत राहिले. हाली पूर्णपणे रद्द झाला तो १९५९ मध्ये. त्यानंतरच्या दोन पिढ्यांना चलन बदलण्याची गरजच पडली नाही. सबंध देशात एकच रुपया असणे ही मोठी सोय आहे, आणि त्या सोयीत ती जुनी सवय गेली. आज परदेशी निघालेला माणूस फोनवर डॉलरचा भाव पाहतो, खिडकीपाशी तेवढेच मिळतील असे धरून चालतो आणि हातात कमी आले की ‘तिकडचा नियम असेल’ म्हणून पुढे जातो. हे बदलायला हवे. त्यासाठी सात-आठ वाक्ये पुरतात.

लिस्बन असो, साओ पावलो असो की मापुतो, पैसे बदलण्याच्या दुकानावर पाटी असते ‘काझा द कांब्यु’. आत एक फलक असतो. त्यावर देशांचे झेंडे, प्रत्येकापुढे दोन रकाने. एकावर ‘कोंप्रा’, दुसऱ्यावर ‘वेंदा’. कोंप्रा म्हणजे खरेदी, वेंदा म्हणजे विक्री, आणि दोन्ही शब्द दुकानदाराच्या बाजूने लिहिलेले असतात. प्रवासी आपले डॉलर देतो तेव्हा दुकानदार ते खरेदी करतो, म्हणून प्रवाशाने ‘कोंप्रा’खालचा आकडा पाहायचा. तो नेहमी लहान असतो. घाईत माणसाची नजर मोठ्या आकड्याकडे जाते आणि हिशेब तिथेच चुकतो.

दुसरी गोष्ट विरामचिन्हांची. पोर्तुगीज लिखाणात दशांश स्वल्पविरामाने दाखवतात आणि हजारासाठी टिंब देतात. ५,१० म्हणजे पाच पूर्णांक दहा शतांश. १.५०० म्हणजे दीड हजार. आपल्या सवयीने वाचणारा दीड हजाराला दीड समजतो. पावतीवर सही करण्यापूर्वी एवढे तरी डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.

आता बोलण्याची वाक्ये. ‘बों दीया’ म्हणजे सुप्रभात, या शब्दांनी सुरुवात करावी. ब्राझीलमध्ये त्यांचा उच्चार ‘बों जीया’ होतो. मग ‘केरीया त्रुकार दिन्येरु’, म्हणजे पैसे बदलायचे होते. यानंतर बहुतेक पुस्तके ‘क्वाल ए आ ताशा?’ हे वाक्य शिकवतात, म्हणजे दर काय. ते जपून वापरावे, कारण ‘ताशा’ दरालाही म्हणतात आणि सेवाशुल्कालाही. प्रश्न दराचा विचारला आणि उत्तर शुल्काचे आले, असा घोटाळा सहज होतो. दरच विचारायचा असेल तर ‘ताशा द कांब्यु’ असे पूर्ण म्हणावे. दलाली आहे का, हे ‘आ कुमिसाँव?’ या दोन शब्दांत विचारता येते.

पण यांतले काहीच जमले नाही तरी चालेल, एक वाक्य मात्र पाठ हवे: ‘क्वांतु वो रसेबेर नु तुताल?’ एकूण मला किती मिळणार? त्याला जोडून लगेच ‘पोद इश्क्रेवेर, पुर फावोर?’, म्हणजे कृपया लिहून देता का? खिडकीपलीकडचा माणूस कागदावर आकडा लिहितो किंवा गणकयंत्र फिरवून समोर धरतो. समजा फलकावर शंभर डॉलरला ५१० दिसत होते आणि कागदावर ४८५ आले, तर मधल्या पंचवीसचे काय झाले हे तिथेच उघड होते. नोटा अजून प्रवाशाच्या खिशात असतात. तो ‘ओब्रिगादु’, म्हणजे धन्यवाद, असे म्हणून शांतपणे बाहेर पडू शकतो. बाई असेल तर ‘ओब्रिगादा’. यात उद्धटपणा काही नाही. पलीकडच्या दुकानात तेच दोन प्रश्न पुन्हा विचारावेत.

उच्चाराबद्दल थोडे सांगणे भाग आहे. लिस्बनचा माणूस स्वर गिळतो आणि शब्दाअखेरच्या ‘स’चा ‘श’ करतो. मोझांबिकची धाटणी साधारण त्याच वळणाची आहे. ब्राझीलमध्ये स्वर मोकळे असतात, पण तिथे शब्दाच्या सुरुवातीचा ‘र’ हा ‘ह’ होतो. वर दिलेले ‘रसेबेर’ तिथे ‘हेसेबेर’ ऐकू येते. त्यांच्या चलनाला आपण ‘रिआल’ म्हणतो, ते त्याला ‘हेआव’ म्हणतात आणि अनेकवचनी ‘हेआइस’. प्रवासी ‘रिआल, रिआल’ म्हणत राहतो आणि समोरचा ‘हेआइस’ म्हणत राहतो, दोघेही बरोबर असतात आणि व्यवहार अडतो. अंकांतही अशीच एक अडचण आहे. साठ म्हणजे ‘सेसेंता’, सत्तर म्हणजे ‘सेतेंता’. गर्दीत दोन्ही सारखेच ऐकू येतात. ब्राझीलमध्ये फोन नंबर सांगताना सहाला ‘मेया’ म्हणतात, म्हणजे अर्धे, अर्धा डझन. आकडा लिहून मागायचा तो यासाठीच.

नोटा घेताना ‘नोताश पकेनाश’, म्हणजे लहान नोटा, असे सांगून ठेवावे. टॅक्सीवाला किंवा फळवाला मोठी नोट पाहिली की मान हलवतो. दुकानात ‘तें त्रोकु?’ म्हणजे सुटे आहेत का? ‘त्रुकार’ म्हणजे बदलणे आणि ‘त्रोकु’ म्हणजे परत मिळणारी मोड. पावतीला ‘रसीबु’. ती मागितल्याशिवाय खिडकी सोडू नये.

या भाषेला मराठी माणसाने घाबरण्याचे कारण नाही. महिनाअखेर ज्याची वाट पाहतो तो पगार पोर्तुगीजच. तिकडे त्याचा अर्थ पैसे चुकते करणे. बाजार समितीत होतो तो लिलावही तिकडूनच आला, आणि चावीसुद्धा. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या कोर्लई गावात तर पोर्तुगीजपासून तयार झालेली बोली घराघरांत अजून बोलली जाते. पोर्तुगीजांनी शेजारचे चौल सोडले ते १७४० मध्ये.

आता ब्राझीलकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्या देशाने पैशाचे फार हाल पाहिले. १९८६ ते १९९४ या आठ वर्षांत तिथे पाच वेळा नवे चलन आले. १९९३ मध्ये वर्षाची महागाई दोन हजार टक्क्यांच्या वर गेली होती. १ जुलै १९९४ ला आजचा रेआल आला, तेव्हा आधीच्या २,७५० क्रुझेइरु रेआलना एक नवा रेआल मिळाला. आकड्यांनी एवढे पोळलेल्या देशाच्या मध्यवर्ती बँकेने पुढे एक चांगला नियम केला. चलन बदलून देणाऱ्या संस्थेने व्यवहाराआधी ग्राहकाला ‘व्ही-ई-टी’ सांगितला पाहिजे. हा एकच आकडा असतो, ज्यात दर, कर आणि सगळे शुल्क धरलेले असते. मध्यवर्ती बँक निरनिराळ्या संस्थांचे हे आकडे तुलनेसाठी प्रसिद्धही करते. बातम्यांत सांगितला जातो तो ‘कोमेर्सियाव’ दर, खिडकीवर मिळतो तो ‘तुरीझ्मु’ दर, आणि वर ‘आय-ओ-एफ’ नावाचा कर. हे सगळे वेगवेगळे विचारत बसण्यापेक्षा व्ही-ई-टी विचारला की काम होते. बार्शीच्या पेठेतला ‘शंभराला किती?’ हा प्रश्न तिथे नियमात बसवला आहे.

आपल्याकडे हे का नसावे? धाराशिवच्या माणसाला परकीय चलनासाठी बहुधा सोलापूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. तिथे त्याच्या हाती इंग्रजी छापील अर्ज पडतो. दर एका ओळीत, शुल्क दुसऱ्या ओळीत, त्यावरचा जीएसटी तिसऱ्या ओळीत. कार्ड घेतले तर त्याचे भरणाशुल्क वेगळे. ज्या बँका पीककर्जाचे अर्ज मराठीत देतात, त्यांना परकीय चलनाचा हिशेब मराठीत देणे अवघड नाही. चिठ्ठीच्या माथ्यावर ठळक अक्षरात एकच ओळ हवी: ‘तुम्ही एवढे रुपये दिलेत, तुमच्या हातात एवढे डॉलर आले.’ जिल्ह्याच्या अग्रणी बँकेने हे मनावर घ्यावे. सहल नेणाऱ्या कंपन्यांनी पुस्तिकेतले ते अर्धे पान पैशाच्या वाक्यांना द्यावे. शेतकऱ्यांच्या परदेश अभ्यासदौऱ्याला राज्याचा कृषी विभाग अनुदान देतो. दौऱ्याआधीच्या बैठकीत हरितगृहाइतकीच माहिती चलनाचीही द्यावी.

निघण्यापूर्वीचे काही नियमही ठाऊक हवेत. चलन घ्यायचे ते रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या ठिकाणीच. एका प्रवासाला रोख परकीय नोटा साधारणपणे ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात, बाकी कार्डावर. भारतीय रुपये २५,००० पर्यंत सोबत नेता येतात, पण पोर्तुगीजभाषक देशांतल्या बहुतेक खिडक्यांवर त्यांना कोणी विचारत नाही. ते परतीच्या टॅक्सीसाठी ठेवावेत. ब्राझील आणि मोझांबिकसाठी डॉलर न्यावेत, पोर्तुगालला युरोच. पोर्तुगालचे जुने चलन एश्कुदु. त्याच्या नोटा बदलून देण्याची मुदत फेब्रुवारी २०२२ मध्ये संपली. कोणी स्वस्तात देऊ केल्या तर हात लावू नये. ब्राझीलच्या १९९४ पूर्वीच्या नोटांचेही तेच.

कार्ड वापरणाऱ्यांना वाटते की आपण या सगळ्यातून सुटलो. तसे नाही. परदेशातल्या दुकानात कार्ड घातले की यंत्र कधीकधी विचारते, पैसे रुपयांत कापू की इथल्या चलनात? रुपये दिसले की बरे वाटते, आणि प्रवासी तिथेच बोट टेकवतो. त्या क्षणी चलन बदलण्याचे काम यंत्रवाल्याकडे जाते आणि तो आपला दर लावतो, जो बहुधा महाग पडतो. पोर्तुगालमध्ये ‘एं एउरुश’ आणि ब्राझीलमध्ये ‘एं हेआइस’ असे सांगावे, म्हणजे त्यांच्याच चलनात. पोर्तुगालमध्ये रोख काढायची तर बँकांच्या सामाईक ‘मुल्तिबांकु’ जाळ्याची यंत्रे गावोगावी आहेत. पर्यटकांच्या चौकातली चकचकीत खासगी यंत्रे शक्यतो टाळावीत.

फोन भाषांतर करून देतो, मग पाठ कशाला करायचे, असे कोणीही म्हणेल. लिस्बनमधली तरुण मुले उत्तम इंग्रजी बोलतात, हेही खरे. पाटी वाचायला आणि पावती समजून घ्यायला फोन फार कामाचा आहे. पण काचेच्या खिडकीपाशी, मागे रांग उभी असताना, एका हातात नोटा आणि दुसऱ्या हातात फोन धरून भाषांतर होईपर्यंत थांबणे कठीण असते. अशा वेळी माणूस ‘ओके, ओके’ म्हणून मोकळा होतो. तोडक्यामोडक्या उच्चारात का होईना, पण सरळ त्यांच्या भाषेत ‘एकूण किती मिळणार, लिहून द्या’ असे म्हणणाऱ्याशी समोरचा जरा जपून वागतो. आणि मोझांबिकच्या आतल्या तालुक्यांत, जिथे तूर पिकते, तिथे इंग्रजीच्या भरवशावर जाऊच नये.

उरलेल्या पैशांचा प्रश्न परतीच्या आदल्या दिवशी सोडवावा. रेआल किंवा मोझांबिकचे मेतिकाल भारतात सहसा कोणी घेत नाही, घेतले तर पडत्या भावाने. ते तिथेच खर्चावेत किंवा डॉलरमध्ये बदलून आणावेत. खिडक्यांवर नोटाच घेतात, नाणी नाहीत, म्हणून चिल्लर शेवटच्या चहा-कॉफीत संपवावी. घरी आणलेले डॉलर वा युरो २,००० डॉलरच्या वर असतील, तर वरची रक्कम परतल्यापासून १८० दिवसांत बँकेत किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करावी लागते, आणि तिथेही पावती घ्यावी लागते.